चुकीच्या उत्तराला टाळ्या

सरांना सरळ प्रश्न विचारता यायचा नाही. चहा घेणार का, असं जगातला कुठलाही शहाणा माणूस विचारतो. सर विचारायचे, "बाई, चहा. अ, आत्ता. ब, मधल्या सुट्टीत. क, दोन्ही वेळेस. ड, यापैकी नाही. वीस सेकंद!" आणि घड्याळाकडं बघत उभे राहायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, द्या की गपगुमान चहा!" तर म्हणाले, "असा पर्याय नाही, बाई." आणि एकटेच जाऊन पिऊन आले.

हे खूळ त्यांनी शाळेपुरतं ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण कंधारच्या स्टँडवर कंडक्टरलासुद्धा ते खिडकीतून विचारायचे, "गाडी कधी हलणार? अ, आत्ता. ब, ड्रायव्हरचं पान झाल्यावर..." कंडक्टर पुढचं ऐकूनच घ्यायचा नाही. "ड," म्हणायचा.

"ड काय? मी अजून सांगितलाच नाही."

"ड म्हंजे तुमी खाली उतरा."

पुतण्याला मुलगी बघायला गेले, तिथंही यांनी मुलीच्या बापापुढं चार पर्याय ठेवले. बापानं "क, मागून कळवतो" निवडला आणि सोयरीक तिथंच बारगळली. घरचे सगळे सरांवर तुटून पडले. सरांचं म्हणणं एवढंच, की माणसानं उत्तर वेळेत दिलं, त्याचं कौतुक कुणालाच नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवायची. अजून तिथंच आहे. कंधारहून रोज अप-डाउन करते. गाव आत, बस दिवसातून दोनदा, तीसुद्धा तिच्या मर्जीनं. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. सर निलंग्याकडचे, विज्ञान आणि गणित त्यांच्याकडं. कपाळाला भस्म, तोंडात "शिव शिव", शर्टाच्या खिशात चार पेनं, त्यातली तीन बंद पडलेली. बंद पेनं कशाला बाळगता, असं मी एकदा विचारलं. "बाई, बरोबर एकच असतं," म्हणाले, "पण सोबतीला तीन चुकीची असल्याशिवाय त्याला शोभा नाही." याचा एक स्क्रू ढिला आहे, हे मी त्याच दिवशी ओळखलं.

या सगळ्याचं मूळ नांदेडच्या एका प्रशिक्षणात आहे. आम्ही बाकीचे शिक्षक जेवणात गोड काय आहे याच्या चौकशीत होतो, आणि सर पहिल्या बाकावर बसून ऑनलाइन प्रश्नमंजुषेचा गेम शिकत होते. गेम सोपा. लॅपटॉपवरून प्रोजेक्टरनं भिंतीवर प्रश्न दिसतो, खाली चार रंगांत चार पर्याय. ज्याच्या त्याच्या फोनवर तेच चार रंग. टुणूक टुणूक संगीत वाजतं, वीस सेकंदांत रंग दाबायचा. मग कशाला किती जणांनी दाबलं त्याचे उभे पट्टे येतात, बरोबर उत्तरावर हिरवी खूण लागते आणि शेवटी पहिल्या पाचांची नावं झळकतात. आठवडाभर शिकवलेल्याची उजळणी. शहरातल्या शाळांत हे कधीच जुनं झालंय म्हणे. आमच्याकडं सर ते घेऊन आले आणि गावाची झोप उडाली.

पहिली अडचण फोनची. पोरांकडं फोन कुठले? फोन मोठ्या माणसांचे. सर घरोघर फिरले, फक्त शनिवारी सकाळी द्या म्हणाले. लोक म्हणाले देऊ, पण आमच्या फोनवर दुसऱ्याचं नाव लागता कामा नये. गेममध्ये शिरताना नाव टाकावं लागतं, त्यावरून हे. सरांना अट मोठी रास्त वाटली. त्यांनी नियमच करून टाकला: फोन ज्याचा, नाव त्याचं. एकेका फोनवर दोन-तीन पोरं, आणि भिंतीवर नावं झळकायची ती अशी: सरपंच, बंडू टेलर, गिरणीवाले, आशाताई. माझा फोन इंटरनेट पुरवायला खिडकीच्या गजाला बांधलेला असायचा, म्हणून मी त्या यादीतून वाचले.

दुपारपर्यंत निकाल गावभर व्हायचा. "बंडू टेलर आज शेवटून दुसरा आला बरं का." "अपूर्णांकात गेला म्हने." दोन-तीन शनिवार असे गेले आणि बंडू टेलर गळ्यात टेप तसाच घेऊन शाळेत आले.

"सर, गिऱ्हाइकं कापड देईनात. म्हनतेत, ह्याला पाव-अर्धा कळत न्हाई, ह्यो माप काय घेईल?"

"अहो, पोरं दाबतात," मी म्हटलं.

"पोरं दाबतेत, पन नाव माझं निघून राहिलं की, बाई!"

सरांनी शांतपणे विचारलं, "अपूर्णांक येतात का तुम्हाला?"

टेलरनी जरा विचार केला. "न्हाई."

"मग?"

पुढच्या शनिवारपासून बंडू टेलर मागच्या बाकावर येऊन बसू लागले. पाव आणि अर्धा मिळून किती, हे त्यांना कापडावर कधीच चुकलं नव्हतं, फळ्यावर बघितलं की मात्र घाम फुटायचा. सरपंचांचं उलटं. त्यांचा फोन त्यांची नात शिवकन्या आणायची. सातवीतली पोरगी, पण भारी तल्लख. दर शनिवारी भिंतीवर पहिलं नाव सरपंचांचं. चावडीवर कुणी म्हटलं, "सरपंच, विज्ञानात पयले आलात म्हने," की सरपंच मिशीतून हसायचे. "येतो की. रिकामं बसून काय करायचं?" नातीचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही आणि सरपंचांपुढं दुसऱ्या कुणी काढलंही नाही.

पण सरांचं खरं वेड वेगळंच होतं. बरोबर उत्तरात त्यांना काडीचा रस नव्हता. "बरोबर उत्तर पुस्तकात फुकट मिळतं, बाई. चुकीची तीन कुठून आणायची?" बाकीचे मास्तर ती मनानं ठोकून देतात. सरांना ते चालायचं नाही. चुकीचं उत्तर अस्सल पाहिजे, कुणीतरी खरोखर मनापासून मानलेलं. त्यासाठी शाळा सुटली की लाल कापडात गुंडाळलेली एक वही घेऊन ते गावात फिरायचे. हापशावर, गिरणीत, शेळ्यांच्या मागं. "आजी, दिवस का मावळतो?" "मामा, गारा कुठं तयार होतात?" जे उत्तर येईल ते वहीत, आणि समोर सांगणाऱ्याचं नाव. शनिवारी प्रत्येक प्रश्नानंतर त्यांचा एक विधी असायचा. हिरवी खूण लागली की बरोबरवाल्यांकडं ते ढुंकून बघायचे नाहीत. वही उघडून, ताठ उभं राहून वाचायचे, "पर्याय क. गारा म्हणजे देवाच्या घरची फुटलेली भांडी. हे चुकीचं उत्तर पारूबाईंनी दिलं. पारूबाई नसत्या तर आज आपल्याला विचारच करावा लागला नसता. टाळ्या!" आणि पोरं खोली डोक्यावर घ्यायची.

पारूबाई शेळ्या राखायच्या. वय सत्तरीच्या पुढं. आपल्या उत्तराला टाळ्या मिळतात हे त्यांना कळलं, त्या दिवसापासून त्या दर शनिवारी शेळ्या घेऊन वर्गाच्या खिडकीशी येऊन थांबायच्या. "आज माझं आलं का रं?" नसलं की रुसायच्या. एकदा त्यांच्या उत्तराला निम्मा वर्ग फसला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना तांब्याभर दूध आणून दिलं. मी सरांना म्हटलं, "अहो, त्या म्हातारीला वाटत असेल, तिचं बरोबर आहे."

"छे हो. मी सांगितलंय तिला. ती म्हणाली, चुकलं तर चुकलं, लेकरं माझ्या बोलन्यावर थांबून इचार तर करतेत. घरात कोन थांबतंय?"



आता मुख्य गोष्ट. सातवी झाली की आमच्या गावच्या मुलांनी कंधार गाठायचं. मुलगे जायचे. मुलींना सकाळची बस अवेळी, परतीची बेभरवशाची, आणि घरच्यांना तेवढं निमित्त पुरायचं. शिवकन्याची थोरली बहीण सातवीनंतर अशीच घरी बसली. त्या वर्षी सातवीत नऊ मुली होत्या. आमच्या शाळेला आठवीचा वर्ग द्यायला वरचे साहेब तयार झाले होते. तसा कागद आला होता, त्यात एकच अट: वर्गासाठी वेगळी खोली दाखवा. शाळेकडं खोली नव्हती. ग्रामपंचायतीची एक होती, शाळेच्या भिंतीला भिंत लागून. तिच्यात सरपंचांच्या बोअरच्या मोटारी, पाइप आणि नारळांचं एक पोतं पडलेलं असायचं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत खोलीचा ठराव झाला की नऊ मुलींची आठवी पक्की. सरपंच हो म्हणाले होते. मुलींनी तर आपापल्या जागासुद्धा वाटून घेतल्या होत्या.

नारळ कशाला, ते सांगते. सरपंच म्हणजे पंचक्रोशीतले नामांकित पाणाडे. बोअर कुठं घ्यायचं, हे लोक त्यांना विचारायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालायचे, आणि जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहायचा. पाणी लागलं तर नारळाची कमाल, नाही लागलं तर मालकाचं नशीब.

आणि आमच्या या भोळ्या सांबानं नेमकं त्याच महिन्यात सातवीला भूजल शिकवलं. प्रश्न काढला: बोअरला पाणी कशामुळं लागतं? अ, मुरलेलं पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत साठलेलं असतं म्हणून. ब, तिथं नारळ उभा राहतो म्हणून. क पारूबाईंचा, ड टेलरचा. सरपंचांना त्यांनी रीतसर विचारलं होतं, तुमचं उत्तर उजळणीत घेऊ का? "घ्या की, बिनधास्त घ्या!" त्या वहीत कसली उत्तरं जातात हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सरपंचांनाही होतं. पण आपलं ते त्यातलं नव्हे, असं त्यांना वाटलं.

त्या शनिवारी सरपंच फोन घेऊन परगावी बोअर दाखवायला गेले होते, म्हणून भिंतीवर त्यांचं नाव नव्हतं. उत्तर मात्र होतं. सरांनी वही उघडली. "पर्याय ब. हे चुकीचं उत्तर सरपंचांनी दिलं. टाळ्या!" मी खिडकीपाशी माझा फोन सांभाळत होते, तिथूनच सरांना हातानं थांबा थांबा म्हणून खुणावलं. पोरांनी दणक्यात टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त शिवकन्यानं. तिच्या आज्याचं नाव पहिल्यांदाच त्या वहीतून वाचलं गेलं होतं, तिला कोण आनंद!

सोमवारी सरपंच शाळेत हजर. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सर, माझा जवाब गलत?"

"हो."

"तीस वर्सं पानी दावून राहिलो. मुखेडपस्तोर लोक हात जोडतेत. आन् तुमी माझ्यावर लेकरांच्या टाळ्या वाजिवता?"

"मानाच्या टाळ्या होत्या, सरपंच."

"त्यो मान तुमच्यापशीच ठिवा. गावात गलत झालंय, गावातच दुरुस्त व्हईल. सव्वीस तारखेला ग्रामसभेपुढं ह्योच सवाल पुन्ना इचारा. सारं गाव फोन घिऊन बसंल. आन् ती हिरवी खून नारळावर लावा. तिकडं खून लागली की हिकडं ठरावावर माझी सही. न्हाई तर मोटारी हायत तिथंच ऱ्हातेत."

सर म्हणाले, "विचारतो." बस, एवढंच.

सरपंच गेल्यावर मी सरांना धारेवर धरलं. "एक टिचकी मारायची आहे हो! अ वरची खूण ब वर. मागून वर्गात पोरांना सांगा खरं काय ते. नऊ पोरींचा प्रश्न आहे."

"कळतंय मला, बाई."

"काय कळतंय? शिवकन्याचं काय होईल? अ, घरी बसवतील. ब, लग्न लावून देतील. क, दोन्ही. वीस सेकंद! दाबा आता!"

ते दुखावल्यासारखे माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पारूबाईला काय सांगू? तिचं चुकीचं ते चुकीचंच राहिलं, आणि सरपंचांचं चुकीचं बरोबर झालं? तिनं माझं काय घोडं मारलंय?"

"अहो, ती शेळ्या राखते!"

"तेच तर," सर म्हणाले.

मला असा संताप आला की पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चहाला नुसतं "ड" सांगत राहिले.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा महादेवाच्या सभामंडपात भरली. भिंतीवरचं दिसायला अंधार पाहिजे, म्हणून बंडू टेलरनी खताची रिकामी पोती जोडून पडदे शिवले होते आणि तिन्ही बाजूंनी लावले होते. आत युरियाचा वास आणि अख्खं गाव. ग्रामपंचायतीचं वायफाय त्या दिवशी देव पावल्यागत चालू होतं, त्यामुळं माझा फोनही मोकळा होता. पारूबाई शेळ्या बाहेर बांधून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सरपंच फेटा बांधून खुर्चीत, पुढं टेबलावर ठरावाचं रजिस्टर, रजिस्टरवर उघडं पेन. दारातच त्यांनी आपला फोन नातीच्या हातात दिला होता. "शिवे, घे. पयला नंबर आन." ती माझ्या शेजारी येऊन बसली.

सरांनी लॅपटॉप उघडला. खूण कुठं लावली, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावरून काही कळतंय का ते मी बघत होते, पण त्या भस्माखाली काय चाललंय हे कधी कुणाला कळलंय! त्यांनी प्रश्न मोठ्यानं वाचला. टुणूक टुणूक सुरू झालं.

सरपंच खुर्चीतून उठले आणि मागं हात बांधून रांगांमधून फिरायला लागले, एकेकाच्या फोनात डोकावत. बंडू टेलरनी फोन वर धरून दाखवला, "नारळ, सरपंच." गिरणीवाल्यांनी दाखवला. आशाताईंनी दाखवला. सरपंच आमच्या रांगेकडं वळले. स्वतःच्या फोनकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, तो तर आपलाच. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, आणि मी दाबला. नारळ दाबला. एम. ए., बी. एड., अठरा वर्षं नोकरी, भूजलाचा तो धडा सर रजेवर असताना मीच पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतलेला, आणि मी नारळ दाबला. मुलींसाठी दाबला, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी घाबरले होते.

संगीत थांबलं. भिंतीवर पट्टे आले. नारळाचा पट्टा पार वर, छताला टेकायला आलेला. अ चा पट्टा बोटभर. त्यावर आकडा एक. आणि हिरवी खूण त्या एकावर.

बाहेर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. सरपंच सावकाश टेबलाकडं गेले. पेन उचललं, टोपण लावलं, खिशात घातलं. गेल्या पोरी, मी मनात म्हटलं. सरांना तिथंच धरून बुकलावं असं वाटलं मला.

तेवढ्यात भिंतीवर पुढचं चित्र आलं, पहिल्या पाचांचं. खालचे चौघं शून्यावर. आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत, पहिलं नाव: सरपंच.

बंडू टेलर ताडकन उठले. "सरपंच पयले! आरं, साऱ्या गावात एकल्या सरपंचाचं बरोबर!" आणि टाळ्या पिटायला लागले. तो माणूस भोळा की बेरकी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण टाळ्यांचं काय असतं, एकानं सुरू केल्या की बाकीच्यांचे हात आपोआप चालतात. सभामंडप दणाणला.

सरपंच आ वासून भिंतीकडं बघत राहिले. मग त्यांची नजर नातीवर आली. शिवकन्या दोन्ही हातांनी फोन घट्ट धरून बसली होती. सरपंचांपुढं आता दोनच वाटा. हे उत्तर माझं नाही म्हणायचं, म्हणजे दर शनिवारचा पहिला नंबरही आपला नव्हता, हे गावापुढं कबूल करायचं. नाही तर बरोबर उत्तर गळ्यात घालून घ्यायचं.

"वीस सेकंद," सर हळूच म्हणाले.

सरपंचांनी फेटा सारखा केला. घसा खाकरला. "मंग!" म्हणाले. "तीस वर्सं पानी दावून राहिलो, मला ठावं नसंल व्हय त्ये कुठून येतं? भेगातून येतं! नारळ तुमच्यासाठी असतो, येड्यांनो. त्याच्याबिगर तुमचा इस्वास बसत न्हाई." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी रजिस्टरवर सही ठोकली. मला हुंदका आला तो मी पदरात दाबला.

लोक उठायला लागले. पण सरांचा विधी राहिला होता. त्यांनी वही उघडली. "पर्याय ब. नारळ. हे चुकीचं उत्तर..." आणि थांबले. सरपंचांचं नाव आता घेता येत नव्हतं, त्यांचं तर बरोबर आलं होतं. सरांनी सभेकडं बघितलं. "हे उत्तर कुणाचं?"

अख्ख्या गावानं ते दाबलं होतं. एकजणही वर बघेना. टेलर टेपशी चाळा करायला लागले. मी सतरंजीचे दोरे उपसत बसले. शेवटी पारूबाईच म्हणाल्या, "कुनाचंच नसंल तर माझ्या नावावर लावा की, गुर्जी."

"नाही, पारूबाई. ज्याचं त्यानंच घ्यायचं." सरांनी घड्याळ बघून पुरते वीस सेकंद दिले आणि टाळ्या न घेताच वही मिटली. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. नऊ पोरींची खोली झाली, आणि या माणसाला दुःख कशाचं, तर एका चुकीच्या उत्तराला मालक मिळाला नाही!

मागून मी शिवकन्याला बाजूला घेतलं. "भ्याली नाहीस का गं?"

"लई भ्याले, बाई. पन उत्तर येत व्हतं की मला."

सरपंच अजून नारळ घेऊन रानातून फिरतात. फक्त आता नारळ उभा राहिला की वाकून जमिनीकडं निरखून बघतात आणि म्हणतात, "हाव, भेग हाय." सरांची त्या उन्हाळ्यात निलंग्याकडं बदली झाली. निरोपाच्या दिवशी मला बोलायला लावलं आणि बोलता बोलता मी रडले. या माणसासाठी तू रडशील, असं आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. जाताना त्यांनी लाल कापडातली वही शाळेला ठेवली आणि मला एक बंद पेन दिलं. माझ्या नारळाबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. कुणी काय दाबलं त्याची नावानिशी यादी लॅपटॉपवर निघते, हे मला फार उशिरा कळलं. प्रशिक्षणात मी ऐकलं कुठं होतं?

जूनमध्ये आठवी सुरू झाली. नऊच्या नऊ मुली आल्या. मोटारी आणि पाइप हलले, नारळांचं पोतं मात्र कोपऱ्यात तसंच आहे. सरपंच म्हणतात, त्याचं ठरावात लिहिलेलं नाही. विज्ञानाला नवे सर अजून आले नाहीत, म्हणून शनिवारची उजळणी माझ्या गळ्यात पडली. एका शनिवारी मी वहीतला तोच प्रश्न काढला. का काढला ते माहीत नाही. माहीत आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

टुणूक टुणूक वाजलं. सगळ्यांचं बरोबर आलं, नारळाचा पट्टा शून्य. मी वही उघडली. पर्याय ब पुढचं सरपंचांचं नाव सरांनी खोडलं होतं आणि समोर जागा कोरी ठेवली होती. यादीतलं माझं नाव त्यांना ठाऊक होतं, तरी लिहिलं नव्हतं.

"पर्याय ब. नारळ," मी वाचलं. "हे चुकीचं उत्तर माझं. मी दिलं होतं."

आता हसतील, मला वाटलं. शिवकन्या जागेवरून उठली.

"म्हाईत हाय, बाई. तुमच्या शेजारीच बसले व्हते की मी."

"मग कधी बोलली नाहीस?"

"सर म्हनले व्हते, बाईंच्या टाळ्या राहिल्यात. त्या सोता मागतील तवाच वाजवा."

आणि पहिली टाळी तिनं वाजवली. मग सगळ्यांनी. मी वही छातीशी धरून उभी, डोळ्यांना धार लागलेली. खिडकीत शेळ्यांच्या घंट्या वाजल्या आणि पारूबाईंनी गजांतून तोंड घातलं.

"आज कुनाचं आलं रं?"

"बाईंचं!" पोरं ओरडली.

"चुकलं?"

"चुकलं!"

"आरं मग वाजवा की जोरात!"